तुटक्या कोपऱ्याची स्लाइड

मुलं समोर त्यांना मॅडम म्हणायची आणि पाठ वळली की काचबाई. नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. बाई मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायच्या आणि त्यांच्या हातात कायम काचेची स्लाइड असायची. डब्याशेजारी स्लाइड, ॲप्रनच्या खिशात स्लाइड, बोलता बोलता खिडकीच्या उजेडाकडे धरलेली स्लाइड. एकदा जिन्यात त्यांनी ते नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं, मागे वळल्या, आणि ज्याच्या तोंडून ते निघालं त्याला म्हणाल्या, "काचबाई तर काचबाई, पण जर्नल उद्या पूर्ण हवं." पोरगा पुढचे कित्येक दिवस दुसऱ्या जिन्यानं जात होता.

कर्करोग शिकवायची बाईंची आपली एक रीत होती. पुस्तकात नावांची ही लांबलचक मालगाडी. मुलं ती घोकतात आणि पेपर झाला की रुळावरून घसरते. बाई फळ्यावर एकही नाव लिहायच्या नाहीत. म्हणायच्या, "नाव राहू दे बाजूला. आधी विचारा, बाबा रे, तू कोणाच्या घरचा? कॅन्सर काही बाहेरून चालून येत नाही. आपल्याच अंगातल्या एखाद्या पेशीचं डोकं फिरतं आणि ती वाढत सुटते. ती निघाली कुठून ते शोधा. कातडी, आतड्याचं अस्तर, स्तनातल्या नळ्या, जिथं म्हणून अस्तर आहे तिथून निघाला तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांच्यातून निघाला तर सार्कोमा. लिम्फ नोडमधल्या पेशी बिघडल्या तर लिम्फोमा. हाडांतल्या मज्जेत बिघाड होऊन रक्तात उतरला तर ल्युकेमिया. घर कळलं की पुढे कुठं जाईल ते कळतं, किती वेगानं जाईल ते कळतं, आणि कोणत्या औषधानं वठणीवर येईल तेही कळतं. सगळ्यांना एकच कॅन्सर म्हणून मोकळं व्हायचं असेल तर डॉक्टर कशाला व्हायचं? तेवढं तर शेजारपाजारचेही सांगतात."

लिम्फ नोडपाशी आल्या की मात्र बाई सावकाश बोलायच्या. भले भले इथं तोंडघशी पडतात, हे त्या प्रत्येक वर्षी सांगायच्या. काख, मान, जांघ इथल्या या छोट्या गाठी म्हणजे शरीराच्या चौक्या. साध्या जंतूंनीही त्या सुजतात आणि कॅन्सरनंही सुजतात, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्हींत पेशींचे गोल गोल पुंजके दिसतात. मग ओळखायचं कसं? बाई चार प्रश्न विचारायला लावायच्या. पुंजके लहानमोठे आहेत, की एका साच्यातून काढल्यासारखे? पुंजक्याला एक उजळ आणि एक गडद अशा दोन बाजू आहेत का? मेलेल्या पेशी गोळा करून झाडलोट करणाऱ्या मोठ्या पेशी आत दिसतात का? आणि गर्दी गाठीच्या कुंपणाआत आहे, की बाहेरच्या चरबीत घुसली आहे? लहानमोठे पुंजके, दोन बाजू, झाडलोट चालू, कुंपण शाबूत, तर साधी सूज. चारही उलटं, तर लिम्फोमा. "चारही विचारायचे," बाई बजावायच्या, "आपल्याला आवडेल त्याच्यावर थांबायचं नाही."

हे सगळं इतक्या खुलाशानं सांगायचं कारण, पुढे बाईंनी नेमकं जे करायचं नाही तेच केलं.

बाईंची धाकटी बहीण गाडी चालवायला शिकवायची. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल, एकच गाडी, तिच्या बाजूलाही पायाखाली वेगळा ब्रेक. तोंड अखंड चालू. सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे चहाला यायची आणि शिकाऊ लोकांच्या तऱ्हा सांगून हसवायची. त्या दिवशीही तसंच चाललं होतं.

"अगं, परीक्षेच्या मैदानावर वळणापाशी एक पांढरा दगड आहे," धाकटी सांगत होती. "माझी शहाणी मंडळी वळण बघतच नाहीत. दगड दिसला की स्टिअरिंग डावीकडे. एकानं दुसऱ्याला सांगितलेलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. परवा कोणीतरी तो दगड चार हात सरकवला. एक काका आले, दगड बघितला, आणि गाडी थेट कुंपणात. वर मलाच म्हणतात, दगड चुकीच्या जागी होता."

ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता धाकटी मान चोळत होती. ताईचं तिकडे लक्ष गेलं आणि हात आपोआप पुढे झाला. मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडावर, बोटाखाली एक गाठ सरकली. रबरी, गुळगुळीत, बोराएवढी.

"ही कधीपासून?"

"असेल महिना दीड महिना. सीटबेल्ट घासतो ना तिथं."

"दुखते?"

"छे. दुखत नाही तेच बरं आहे."

घासून सुजलेली गाठ दुखते. न दुखणारी गाठ तिला मुळीच बरी वाटत नव्हती. पण तिनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "काढून तपासून घेऊ. उगाच शंका नको."

आता धाकटीला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दिव्यच. आईच्या आजारपणात दोघींनी दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते. एक डॉक्टर एक सांगायचा, दुसरा दुसरंच, आणि आई गेली तेव्हा तिला नक्की काय झालं होतं हे धाकटीला शेवटपर्यंत कोणी धड सांगितलं नव्हतं. तेव्हा ताई शिकत होती, तीही काही सांगू शकली नाही. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की धाकटीचा जीव खालीवर व्हायचा. ती ताईला म्हणाली, "तू म्हणतेस तर गाठ काढू. पण नंतर मला तू सांगायचं. दुसरं कोणी काही सांगितलं तरी मी ऐकणार नाही. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही."

"बरं," ताई म्हणाली. बोलायला सोपं होतं ते.

गाठ निघाली आणि ताईच्याच विभागात आली. विभागाचा एक अलिखित नियम होता: घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही. रक्ताचं नातं डोळ्यांत उतरतं, असं विभागप्रमुख सर नेहमी म्हणत. सरांनी ती स्लाइड स्वतः बघितली, बराच वेळ बघितली, आणि मग बाईंना आपल्या खोलीत बोलावलं.

"हे बघा, मला शंका आहे," सर म्हणाले. "नमुना लहान आहे, कडेला चेंगरलाय. साधी सूज म्हणायला मन धजत नाही आणि लिम्फोमा म्हणायचं तर पुरावा हवा. मोठ्या लॅबकडे गाठीचा मेणात बसवलेला ब्लॉक पाठवतोय, ते खास रंग देऊन बघतील आणि सांगतील. तोवर तुम्ही ती स्लाइड बघायची नाही. बहिणीला काही सांगायचं नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ मात्र घेऊन ठेवा."

"हो सर," बाई म्हणाल्या.

आणि त्याच दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, त्यांनी ट्रेमधली दुसरी स्लाइड उचलली. एका गाठीच्या नेहमी दोन स्लाइड असतात, एक गेली तर लगेच बोभाटा होत नाही. त्यांनी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. पुंजके लहानमोठे दिसले. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, तर तेच पुंजके एकसारखे. स्लाइड झटकन काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी झाडलोट करणारी एक पेशी दिसली असं वाटलं, आणि त्या एका पेशीला धरून त्या दिवसभर तरंगत राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठींचा निवाडा केलेली ही बाई, स्वतःच्या बहिणीची गाठ समोर आली तर डोळा तिचं ऐकेना. काही करा पण नको ते दाखवू नका, अशी त्या भिंगाची मनधरणी करत बसायची.

मध्ये धाकटीचे फोन. "काय ग, कळलं का?" "अजून नाही." "मग मी झोपू कशी?" त्या आवाजातली भीती बाईंना सोसवत नव्हती. स्लाइड त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली होती, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. कधीतरी तिचा एक कोपरा उडाला. मधला भाग शाबूत होता, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

अशात वर्गाची प्रॅक्टिकल चाचणी आली. मायक्रोस्कोप ओळीनं मांडायचे, प्रत्येकाखाली एक स्लाइड, घंटा वाजली की मुलांनी पुढच्या मायक्रोस्कोपवर सरकायचं आणि कागदावर रोग लिहायचा. दर वर्षी तीच पेटी, त्याच स्लाइड. पेटी लावता लावता बाईंच्या मनात आलं: या मुलांच्या डोळ्यांत ना माया आहे ना भीती. यांना कुठं ठाऊक आहे ही मान कोणाची? हे खरं ते सांगतील.

आणि त्यांनी पेटीतली लिम्फ नोडची स्लाइड काढून कपाटात ठेवली, आणि तिच्या जागी बहिणीची लावली. नावाच्या जागी नेहमीसारखी कागदाची पट्टी चिकटवली. असलं काही दुसऱ्या कोणी केलं असतं तर याच बाईंनी त्याला उभा सोलला असता.

चाचणीभर त्या त्याच मायक्रोस्कोपकडे बघत होत्या. मुलं यायची, वाकायची, लिहायची आणि सरकायची. कोणी तिथं फार रेंगाळत नव्हतं. सोपी गेली असणार, बाईंना वाटलं. कागद गोळा झाल्यावर खोलीचं दार लावून त्यांनी फक्त ते एक उत्तर वाचायला घेतलं. साधी सूज. पुढचा कागद, साधी सूज. त्याच्या पुढचा, साधी सूज. एरवी या वर्गात एका स्लाइडची दहा उत्तरं येतात आणि त्यातली चार तर त्या अवयवाचीही नसतात. तो वर्ग आज एका सुरात बोलत होता. याचं नवल बाईंना वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या, सुटल्यासारख्या रडल्या.

मग डोळे पुसून उरलेले कागद चाळले, तर एका मुलीचं उत्तर वेगळं. फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे पुंजके करून वाढणारा लिम्फोमा. खाली कारणं: पुंजके एकसारखे, उजळ-गडद बाजू नाही, झाडलोटीच्या पेशी नाहीत, चरबीत शिरले आहेत. ही मुलगी वर्षाच्या मधेच दुसऱ्या कॉलेजातून बदलून आली होती. गप्प असायची, मागच्या बाकावर एकटी बसायची. बाईंनी लाल पेन उचललं आणि त्या उत्तरावर फुली मारली. इतक्या जोरात मारली की कागद फाटला. फुली मारून त्यांनी बहिणीला फोन लावला.

"अगं, साधी सूज दिसतेय. काळजी करू नकोस."

धाकटी म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, सीटबेल्टनं आली म्हणून?" आणि लगेच पुढे, "ताई, आज मी झोपते बघ."

बाईंनी "रिपोर्ट अजून यायचाय" असं काहीसं पुढे जोडलं होतं. पण ते फार हळू जोडलं, आणि धाकटीनं ते ऐकलंच नाही. ताईनं घेऊन ठेवलेली कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ तिनं रद्द करून टाकली. नवीन शिकाऊ घेतले. शेजारणीला, लेकीला, सगळ्यांना सांगितलं की माझ्या ताईनं स्वतः बघितलंय. हे बाईंना कळलं, तरी त्यांनी तिला पुन्हा फोन केला नाही.

कागद परत दिले त्या दिवशी ती बदलून आलेली मुलगी खोलीच्या दारात आली. "मॅडम, आत येऊ? माझं यात काय चुकलं ते कळलं नाही."

"सगळ्या वर्गाचं उत्तर बघितलंस का?" बाई जरा तोडूनच बोलल्या.

"हो. म्हणूनच विचारायला आले. मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, तू वेडी आहेस का? तुटक्या कोपऱ्याची स्लाइड म्हणजे साधी सूज, हे सगळ्यांना माहीत असतं. मी नवीन ना मॅडम. मला कोणी सांगितलं नव्हतं."

"कसला तुटका कोपरा?"

मुलगी गडबडली. आपण कोणाची तरी चहाडी करतोय की काय असं तिला वाटलं असावं. पण आता मागे फिरता येत नव्हतं. "सीनियर मुलं सांगून जातात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पेटीतली कोपरा तुटलेली ती साधी सूज. शाईचा डाग आहे ती थायरॉइड. मधे आडवी चीर आहे ती हाडाची. सगळे तेच बघतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाईंना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती पेटी हाताळूनही त्यांनी त्या स्लाइडचा कोपरा कधी बघितलाच नव्हता, त्या भिंगातून बघायच्या. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि पेटीतली जुनी स्लाइड काढली. कोपरा उडालेला. ॲप्रनच्या खिशातून बहिणीची काढली. कोपरा उडालेला. दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. धाकटीचा पांढरा दगड त्यांना तेव्हा आठवला आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

"मॅडम, पाणी आणू?"

"नको." बाईंनी बहिणीची स्लाइड उचलली. "तू बस. आपण बघू."

विभागात दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. मुलगी एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. स्लाइड बाईंनी लावली. कोणाची, ते सांगितलं नाही. आणि सवयीनं, केवळ सवयीनं, त्या शिकवायला लागल्या.

"पहिला प्रश्न. पुंजके लहानमोठे की एकसारखे? इथून सुरू कर. हा एक. हा दुसरा. बाजूला सरकव." त्यांचा आवाज नेहमीचा होता. "काय दिसतं?"

"एकसारखे आहेत मॅडम. एकमेकांना चिकटून."

"हं. दुसरा. उजळ बाजू, गडद बाजू?"

"नाही दिसत."

"मोठं करून बघ. घाई नको." बाईंनी भिंग बदललं. नव्हती. कुठल्याच पुंजक्यात नव्हती. "झाडलोटीच्या पेशी? एक तरी?"

"ही आहे का मॅडम, इथं?"

ती तीच पेशी होती, जिला धरून बाई दिवसभर तरंगल्या होत्या. एकट्यानं बघताना ती खरी वाटली होती. आता शेजारी शिकणारी मुलगी होती आणि तिला चुकीचं शिकवणं बाईंच्या जिभेला जमत नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. "ती आहे असं वाटतं, पण तो रंगाचा ठिपका आहे. चौथा. कडेला चल."

कडेला चरबी होती आणि चरबीत पेशींची रांग शिरली होती, कुंपण ओलांडून, निवांत. ती तिथं पहिल्या दिवसापासून होती. बाई कडेला कधी गेल्याच नव्हत्या. आपल्याला आवडेल त्या प्रश्नावर त्या थांबल्या होत्या.

"तुझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. कागद मागून घेऊन त्यांनी फुली खोडली, पूर्ण गुण लिहिले आणि बाजूला सही केली. "चूक माझी झाली."

मुलगी खूश झाली, आणि का नाही होणार? तिला काय कल्पना. दारापर्यंत जाऊन ती वळली. "मॅडम, हा पेशंट बरा झाला का?"

"अजून कळायचंय," बाई म्हणाल्या.

मग त्या सरांकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. मोठ्या लॅबचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर सकाळीच आला होता, तो त्यांनी पुढे सरकवला. फॉलिक्युलर लिम्फोमा. "मी तुम्हाला बोलावणारच होतो," सर म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

धाकटी मैदानावर होती. शिकाऊ बाई नुकतीच उतरली होती आणि धाकटी तिच्या त्या जादा ब्रेकच्या सीटवर बसून पाणी पीत होती. ताई चालवणाऱ्याच्या सीटवर येऊन बसली. एरवी धाकटीनं लगेच टोमणा मारला असता, आज शिकतेस की काय म्हणून. आज ताईचा चेहरा बघून तिनं तोंडाची बाटली खाली घेतली.

"तुझी गाठ साधी नाही," ताई म्हणाली. वाटेत तिनं दहा प्रकारे सुरुवात जुळवली होती, ती सगळी गळून पडली. "लिम्फोमा आहे. लिम्फ नोडचा कॅन्सर."

धाकटीनं बाटलीचं झाकण लावलं. नीट फिरवून लावलं.

"त्या दिवशी तू साधी म्हणालीस."

"हो."

"तू बघितलं होतंस ना? माझ्या ताईनं बघितलंय, म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरले."

"बघितलं, पण मला धड बघता येईना. मग मी ती पोरांपुढे ठेवली. त्यांनी रोग बघितलाच नाही. काचेचा तुटका कोपरा बघितला आणि लिहिलं. आणि मी त्यांचं ऐकलं." ताईनं समोरच्या वळणाकडे बोट केलं. "तुझ्या त्या काकांसारखं. मी दगड बघून वळवलं. मला साधीच हवी होती, म्हणून."

समोर मैदानावर तो दगड होता, पुन्हा जागेवर आणून ठेवलेला. धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर घट्ट दाबलेला होता, गाडी बंद असूनही.

"पोरांचं ठीक आहे ग," ती शेवटी म्हणाली. "नापास होतील, परत बसतील. मी तुझ्या शब्दावर झोपले होते ताई. आई गेल्यापासून इतकी गाढ मी कधी झोपले नव्हते."

ताईनं धाकटीचा हात धरायला हात पुढे केला. धाकटीनं हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"वेळ परत घे त्या डॉक्टरांची," धाकटी म्हणाली. "मी जाईन. तू बरोबर ये. पण आत यायचं नाहीस. त्यांच्या तोंडून ऐकू दे मला."

पांढऱ्या कोटाला घाबरणारी बहीण एकटी आत गेली आणि काचबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आयुष्य अशा दारांच्या आतल्या बाजूला गेलेलं, बाहेर बसायची सवय नव्हती. आत काय बोलत असतील ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं, आणि त्यातला एकही ऐकू येत नव्हता. डॉक्टर घाईत तर नसतील ना? हिला मध्ये प्रश्न विचारू देतील ना? शेजारी बसलेल्या एका बाईनं वेळ विचारली, तर काचबाईंना घड्याळात बघूनही ती सांगता आली नाही.

दार उघडलं. धाकटी बाहेर आली, ताईशेजारी बसली आणि पर्स मांडीवर ठेवली. चेहरा पांढराफटक, पण डोळे कोरडे.

"आता तू सांग," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं ना?"

"सांगितलं. तरी तू सांग. सगळं."

ताईनं एकदा दाराकडे बघितलं आणि मग बहिणीकडे वळून सांगायला लागली. वर्गात सांगायची तसं, एकेक करून, पण खालच्या आवाजात. हा लिम्फोमा हळू चालणारा आहे. कधी कधी लगेच औषधही देत नाहीत, नुसती नजर ठेवतात. औषधं आहेत, चांगली आहेत, गाठी त्यांनी विरघळतात. पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं जगतात, कामं करतात, गाडीही चालवतात. इथं ताई थांबली. इथं थांबता आलं असतं. धाकटी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"पण हा मुळापासून सहसा जात नाही," ताई म्हणाली. "गेला असं वाटतं आणि परत येतो. आणि थोड्या लोकांत पुढे तो चाल बदलतो, जोरात धावायला लागतो. तुझ्यात तसं होईल की नाही हे मला आज सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

धाकटीनं मान डोलावली.

"परत येतो, हे तेही म्हणाले," ती म्हणाली. "तू तेवढं गाळतेस का, ते बघत होते."

मग तिनं पर्समधून गाडीची किल्ली काढली, ताईचा दंड धरला आणि उठली. जिना उतरताना तिनं तो सोडला नाही.